सोनम वाचते

नागसेननं पिशवीतून बुद्धवंदनेची पुस्तिका काढली आणि शिवांजली मॅडमच्या टेबलावर ठेवली. शाळेनं सोनमला मंद ठरवून पुन्हा तिसरीतच बसवायचं म्हटलं होतं. ज्या मुलांना अक्षरं लागत नाहीत, त्यांना कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या बाई वेगळ्या रीतीनं शिकवतात, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तो लेकीला घेऊन आला होता.

"मॅडम, ही पोर दर रविवारी विहारात समद्यांच्या म्होरं बसून वंदना वाचती. पाली वाचती, मग मराठीनंच तिचं काय घोडं मारलंय?"

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून पेठ वडगावपासून तो पुस्तिका मांडीवर घेऊनच एस.टी.त बसला होता. आठवडाभर गॅरेजात गाड्यांखाली पडून असणारा हा माणूस रविवारी इस्त्रीचा पांढरा सदरा घाली. पोरीचा आवाज सुरू झाला की त्याची छाती त्या सदऱ्यात मावत नसे.

"वाच बघू," मॅडम म्हणाल्या.

सोनमनं ओळीवर बोट ठेवून सुरुवात केली. आवाज खणखणीत, अडखळणं म्हणून नाही. नागसेननं ऐटीत मॅडमकडं पाहिलं. मॅडम सोनमच्या बोटाकडं बघत होत्या. मग त्यांनी हळूच पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं. सोनम थांबली नाही. तोंडानं पंचशील चाललं होतं आणि बोट विहार समितीच्या सभासदांच्या नावांवरून सरकत होतं. चौथं नाव नागसेनचं होतं. बोट त्यावरूनही तसंच पुढं गेलं.

नागसेन लेकीकडं वाकला.

"सोने, पान कवा उलटायचं, ते कसं कळतंय गं तुला?"

"माझ्या शेजारी बसत्यात त्या चिमणाबाई आत्या उलटत्यात, तवा मी बी उलटती." तिनं मान खाली घातली. "तुमी लई खूश हुताय, म्हणून सांगितलं न्हाय पप्पा."

त्याला रागावताही येईना.

"नुसतं ऐकून एवढं पाठ करणारी मुलगी मंद कशी असेल?" मॅडम म्हणाल्या. "कान तल्लख आहेत तिचे. अक्षर तेवढं ओळखता येत नाही, ते शिकवू. पण वेळ लागेल. वर्ष, कदाचित दोन."

सगळी वंदना राहू दे बाजूला, नागसेनला वाटलं. या पोरीनं बापाचं छापलेलं नाव एकदा, फक्त एकदा, बघून वाचावं. आजवर त्यानं कशाचीच एवढी आस धरली नव्हती.

मॅडमनी ताटात रवा पसरला, त्यात 'ब' काढला आणि उच्चार करत सोनमचं बोट त्यावरून दहादा फिरवलं. मग रवा सारखा करून तेच अक्षर पुन्हा काढलं.

"आता मी सांगणार नाही. तू सांग."

सोनम गिरवत राहिली. ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. पाच मिनिटं गेली, सात गेली. पुढच्या वेळेचे पालक आपल्या मुलीला घेऊन दारात येऊन उभे राहिले. गृहस्थांनी खाकरून मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

नागसेन उठून दाराशी गेला.

"जरा दम धरा, पावणं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पोरगी वाचाय लागलीया."