पिवळेपण

गॅलरीतलं ऊन सरकत होतं आणि त्याच्या मागोमाग ती गिटार सरकवत होती. आधी दाराशी, मग कुंड्यांच्या कडेला, आता कठड्याला टेकवून. दर थोड्या वेळानं ती चष्मा पुसून लाकडाकडे बघायची. सोललेल्या बटाट्यासारखं पांढरंफटक लाकूड. तसंच्या तसं.

"वहिनी, ती काय उशी आहे का उन्हात घालायला?" नणंद आतून म्हणाली. भाऊ आज दवाखान्यातून घरी येणार म्हणून ती सकाळीच येऊन बसली होती, आणि आल्यापासून तिच्या तोंडाला विसावा नव्हता.

"जरा तरी पिवळी होईल."

"संध्याकाळपर्यंत?"

तिनं पुन्हा पॉलिशवाल्याला फोन लावला.

नवरा छातीच्या ऑपरेशनसाठी गेला, तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं होतं की तो परत येईल तेव्हा घर कसं लख्ख दिसलं पाहिजे. झाडून झालं, पडदे धुऊन झाले. उरली कोपऱ्यातली त्याची इलेक्ट्रिक गिटार. फिक्या लाकडाची, वर नुसतं पारदर्शक पॉलिश. लग्नाच्या आधीपासून तो ती वाजवत आला होता. आधी ऑर्केस्ट्रात, मग हॉटेलांत, अलीकडे घरातल्या घरात. इतक्या वर्षांत लाकूड पिवळं होत होत मधाच्या रंगावर आलं होतं. कोपर टेकायचं तिथलं पॉलिश पार उडालेलं, बाकीच्या अंगावर केसासारखे बारीक तडे. तिला ते कळकट वाटायचं. फर्निचरला पॉलिश करणाऱ्याला बोलावून तिनं एवढंच सांगितलं होतं, "स्वच्छ करून दे." त्यानं घासून घासून पार मुळापर्यंत नेली आणि वर नवं कोरं पॉलिश चढवलं.

"ताई, आरशासारखी केलीय," पॉलिशवाला फोनवर म्हणाला. त्याला बिचाऱ्याला कळतच नव्हतं काय बिनसलंय ते.

"पण पहिल्यासारखी कधी होईल?"

"लाकूड आहे ताई. उन्हानं, हवेनं, हाताच्या घामानं रंग धरतं. ते काय आपल्या मनावर आहे? फार तर पॉलिशमध्ये रंग टाकून पिवळी करून देतो. पाठवून द्या."

"आज मिळेल?"

"आज? वाळायला तरी वेळ द्याल की नाही!"

तिनं फोन ठेवला. गाडी निघाली म्हणून मुलानं मघाशीच कळवलं होतं.

मग तिनं चहाचं काळं पाणी उकळलं आणि कापसाच्या बोळ्यानं एका कडेला लावलं. पाणी थेंब थेंब होऊन ओघळलं, फरशीवर सांडलं. लाकडाला साधा डागसुद्धा पडला नाही. एरवी टेबलावर चहा सांडला तर जन्मभर जात नाही.

"माळ्यावर टाक," नणंद म्हणाली. "विचारलंच तर सांग, तारा बदलायला दिलीय. माणूस जरा ताकदीला लागला की मग बघू. आत्ता धक्का नको."

पटण्यासारखं होतं. तिनं गिटार आत आणली, स्टूल ओढलं, त्यावर एक पाय ठेवला आणि बेल वाजली. नणंद दाराकडे धावली. हिनं गिटार पलंगावर टाकून वर चादर ओढली.

नवरा निम्मा झाला होता. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. मुलाच्या हाताला धरून तो आत आला, खुर्ची नको म्हणाला आणि सरळ पलंगाकडे निघाला.

"अहो, तिथे नको..."

"का? आडवं तर पडू दे." त्यानं चादर बाजूला केली.

मुलगा औषधांची पिशवी ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात सटकला.

"नवी आहे, दादा," नणंद घाईघाईनं म्हणाली. "वहिनीनं तुझ्यासाठी आणलीय."

तो पलंगाच्या कडेवर बसला आणि लाकडावरून बोट फिरवत राहिला. "नवी कसली? हिच्या लाकडाची रेघन् रेघ पाठ आहे मला." मग बायकोकडे वळून म्हणाला, "मांडीवर दे. मला वजन उचलायला बंदी आहे."

तिनं त्याच्या मांडीवर आधी उशी ठेवली, उशीवर गिटार. "मी नुसतं स्वच्छ करायला सांगितलं होतं हो," ती म्हणाली.

"तुलाही सोललं का गं?" तो गिटारीला म्हणाला. शर्टाच्या उघड्या बटणातून त्याच्या छातीवरच्या टाक्यांची रेघ दिसत होती, गुलाबी, कोवळी.

नणंदेला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती तोंड फिरवून बाहेर गेली.

"होईल ना परत पिवळी?" बायकोनं विचारलं.

"होईल की. पंधरा-वीस वर्षं जातील."

हे बोलल्यावर त्यानं मान वर केली नाही. ती चादरीची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

"मग जाऊ देत," ती एकदम तडकून म्हणाली. "तुम्हाला कुठे जायची घाई आहे?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताचं एक बोट तारेवर दाबलं. दवाखान्यातल्या मुक्कामात बोटांचे घट्टे सोलवटून गेले होते, खालची कातडी तान्ह्या मुलासारखी मऊ झाली होती. "आई गं," तो पुटपुटला. बोट उचलून टोकावर उमटलेली तांबडी रेघ त्यानं जरा वेळ न्याहाळली, आणि तेच बोट पुन्हा त्याच तारेवर ठेवलं.