डावा खांदा

मशाली पेटल्या, तरी उतारावर कोणी हललं नाही. वर, स्की-लिफ्टच्या शेवटच्या खांबापाशी गावातली मंडळी ओळी करून उभी होती. पायांत स्की, हातांत मशाली आणि नजर खाली.

"वहिनी, हाक तुम्हीच द्यायची," कुराइशी म्हणाला. स्की-शाळेचा कारभार आता त्याच्याकडे आला होता. "मास्तर इथं खाली उभं राहून 'पुढचे!' म्हणायचे, की एक ओळ सुटायची. ती हाक आल्याशिवाय हे लोक हलायचे नाहीत."

"मग राहू देत उभे," तोमोए म्हणाली.

सोबा शेवयांचं दुकान चालवणाऱ्या मित्सुयोनं पुढं होऊन तोमोएच्या हातात गरम चहाचा पेला दिला.

"ताई, मास्तर गेल्याला आज एकोणपन्नासावा दिवस. आज त्यांना परलोकाच्या वाटेला लावायचं. असं अडवून धरू नये."

"मी कुठं अडवलंय? मी अडवून ते कधी थांबलेत का?"

तोमोएनं पेला हातात धरला, पण तोंडाला लावला नाही.

सकाळपासून तिचे कान किटले होते. देवळातल्या भिक्षूपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांची एकच टकळी. मास्तरांनी गावातल्या तीन पिढ्यांना बर्फावर उभं केलं. मास्तर पोरांवर कधी रागावले नाहीत. मास्तर जन्मात कधी पडले नाहीत.

मास्तर पडले होते. घराच्या छपरावरचा बर्फ काढताना, तिच्या डोळ्यांदेखत, हातातल्या फावड्यासकट. कमरेला बांधायचा दोर ओसरीतल्या खुंटीला होता. तो घेऊन ती अंगणात धावली होती. "अहो, दोर तरी बांधा," ती म्हणाली होती. "वर्गाची वेळ झाली, पोरं थांबलीत," असं वरून उत्तर आलं. ते त्यांचे शेवटचे शब्द, आणि तेही दुसऱ्यांच्या पोरांबद्दल. आयुष्यभर हे असंच चाललं होतं. गावाला वाटून जो नवरा उरायचा तो रात्री जेवायला घरी यायचा, ओल्या मोज्यांनी.

उतारावर हाच माणूस प्रत्येक पोराला बुटांची बक्कलं पुन्हा एकदा तपासून बघायला लावायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तोमोएला इतका राग आला होता की रडूही फुटत नव्हतं. आणि तिच्या वाटणीचं रडून घ्यायला सगळं गाव तयार होतं. त्याचा तिला जास्तच राग येत होता.

अंधारून आलं. वाऱ्यानं वरची एक मशाल विझली, शेजारच्यानं ती पुन्हा पेटवून दिली. अगदी मागच्या ओळीत कोणाचं तरी पोर थंडीनं कुरकुरायला लागलं.

"गारठतील ती," तोमोए पुटपुटली. मग तिनं मान वर केली. "पुढचे!"

आवाज चिरकला, पण वर पोचला. पहिली ओळ सुटली.

संध्याकाळच्या वेळी ती इथं कधी उभी राहिलीच नव्हती. ही वेळ चुलीपाशी असण्याची. त्यामुळे तिनं हे आज पहिल्यांदाच पाहिलं. मशाली एकामागून एक वळत येत होत्या, आणि डावीकडच्या प्रत्येक वळणाला प्रत्येक मशाल जराशी खाली वाकून पुन्हा वर येत होती.

"सगळ्यांचा डावा खांदा पडतो," कुराइशी हळूच म्हणाला. तो बाहेरगावाहून आलेला, त्यामुळे त्याच्या डोळ्यांना ते दिसायचं. "स्कीच्या परीक्षेत गुण जातात याचे. पण मास्तरांची ढब आहे, वहिनी. मी असेपर्यंत ती कोणाला सोडायला लावणार नाही."

तिला बरं वाटावं म्हणून तो हे बोलला होता. तोमोएच्या हातातला पेला कलंडला आणि चहा बर्फावर सांडला.

तो खांदा तिच्या ओळखीचा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ते असेच दोराशिवाय छपरावर चढले होते आणि पागोळ्यांखालच्या ढिगात पडले होते. खांद्याचं मोडलेलं हाड बसवून घ्यायचं सोडून वर्ग घ्यायला गेले. हाड मग त्याला वाटलं तसं जुळलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात तो खांदा तिनं शेकला होता. आणि इकडे गावानं ते वाकडं जुळलेलं हाड कित्त्यासारखं गिरवलं होतं.

तिला रडू आलं. आवरायचं म्हटलं तरी आवरेना.

"लावा सोडायला," ती म्हणाली.

"काय, वहिनी?"

"ती ढब. छपरावरून पडले होते, तेव्हाची आहे. तेव्हाही दोर बांधला नव्हता त्यांनी."

तेवढ्यात पहिली ओळ खाली पोचली. पुढं पोस्टमन होता, केस पिकलेला, नाक लाल झालेला. लहानपणापासूनच्या सवयीनं तो तिच्यासमोर थांबला आणि वाकला. इथं मास्तर प्रत्येकाला एखादा बरा शब्द बोलत.

तोमोएनं बाहीनं डोळे पुसले.

"तुमच्या छपरावरचा बर्फ कोण काढतं?"

"मीच काढतो, काकू."

"दोर बांधून?"

पोस्टमननं मान खाली घातली. त्याच्यामागं थांबलेले सगळेच आपापल्या स्कीकडे बघू लागले.

"उद्या सकाळी माझ्या घरी यायचं. सगळ्यांनी. येताना आपापला दोर आणायचा," ती म्हणाली. मग त्यांना हातानं बाजूला सारून तिनं वर, पोरांच्या ओळीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात हाक मारली.

"पुढचे!"