काचेवरच्या सऱ्या

१९९४ सालच्या एका सोमवारी, सकाळी दहा वाजता, डॉ. चारुशीलांनी सासऱ्यांनी केलेल्या निदानावर सही करायला नकार दिला. विश्रामबागेतल्या त्या लॅबमध्ये असं कधी झालं नव्हतं.

सासऱ्यांनी, म्हणजे डॉ. गोपाळकृष्णांनी, लिहिलं होतं : यकृताचा कर्करोग, नेहमीचा प्रकार. तसं निघालं तर एवढ्या मोठ्या गाठीला हात लावणार नाही, असं सर्जननी आधीच सांगितलं होतं. ज्याची ही गाठ, तो सुट्टीवर आलेला जवान वीरधवल बाहेर बाकावर होता. शेजारी दहिवडीहून आलेले वडील, नाथाजी.

"बाबा, परत बघा," चारुशीला सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेकडे बोट करून सासऱ्यांना म्हणाल्या. "पेशी मोठ्या, गुलाबी आहेत. मधून तंतूंचे पट्टे गेलेत, एकाशेजारी एक. उसाच्या सऱ्यांसारखे."

"माहेर इस्लामपूरचं. तुला काचेवरही ऊसच दिसणार."

"बाजूचं यकृत निरोगी आहे. आणि वय बघितलंत?"

बघितलं नव्हतं. आधी काच, मग माणूस, हा त्यांचा नेम. नजर फसू नये म्हणून नाव-वयाची चिठ्ठी ते पालथी ठेवत. आज ती पालथीच राहिली होती.

त्यांनी ती उलटली. बावीस.

मग बराच वेळ त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून मान उचलली नाही.

"तरुणांतला वेगळा प्रकार," ते शेवटी म्हणाले. "मी फक्त पुस्तकात पाहिला होता. हा काढायचा प्रयत्न करतात." त्यांनी आपला कागद फाडला आणि कोरा चारुशीलांकडे सरकवला. "लिही. मी खाली सही करतो."

बाहेर नाथाजी उठून उभे राहिले. "सायेब, गावाकडं न्यायचा का हितंच ठिवायचा, येवढंच सांगा."

"इथंच ठेवा. ऑपरेशन होईल."

नाथाजींनी हातात दिलेला कागद निरखला. "तुमची सही खाली कशी? वर कुणाची?"

"वरची माझ्या सुनेची," गोपाळकृष्ण म्हणाले. जरा मोठ्यानेच. बाकावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

वीरधवल हसला. "आमच्यात बी लेफ्टनंट पोरसवदा असतोय, आबा. सलाम म्हातारा सुभेदारच ठोकतोय."

गुरुवारी सकाळी आठ वाजता वीरधवलला ऑपरेशनसाठी आत नेलं. अकरापर्यंत दार उघडलं नव्हतं. बाहेर नाथाजींशेजारी चारुशीला बसल्या होत्या. मांडीवर काढलेली गाठ टिकवायला आणलेली फॉर्मलिनची बरणी होती. तिच्यात फॉर्मलिनशिवाय अजून काही नव्हतं.