पंचगंगा घाटावरचं भाषण

पोलीस ठाण्यात क्लिप लावण्याआधी दारोगाने पुन्हा विचारलं, पंडितजींना मराठी नीट येतं ना. रामघाटावर मराठी मुलांची वेदपाठशाळा चालवणाऱ्या नीलकंठगुरुजींना हे विचारणारा बनारसमधला तो पहिलाच माणूस असावा. गुरुजींनी नुसती मान हलवली.

समोरच्या बाकावर त्यांचा शिष्य विश्वजीत बसला होता. पंचगंगा घाटावर आरती सुरू होता होता कुणीतरी मराठीत भाषण ठोकलं. ते विश्वजीतच्या फोनवरून घरोघर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी मशिदीजवळचं एक बांगड्यांचं दुकान जळालं. क्लिपमध्ये चेहरा नव्हता, नुसते दिवे. भोंग्याच्या घरघरीत आवाजही ओळखू येत नव्हता. बोलणारा कोण हे विश्वजीत सांगेना, म्हणून तो त्याचाच आवाज धरला गेला. गुरुजी तर त्या संध्याकाळी सर्दीने घरी पडून होते, तसं त्यांनी आल्या आल्याच सांगितलं.

दाराशी विश्वजीतची आई शरदिनी उभी होती. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नव्हती. सकाळीच तिने गुरुजींचे पाय धरले होते. वकिलाने तिला समजावलं होतं, नुसतं मत मांडलं असेल तर पोरगा सुटेल, कुणाला चिथावलं असेल तर नाही. म्हणजे सगळं गुरुजींच्या हिंदी भाषांतरावर आलं.

"थोडं सौम्य करून सांगा, गुरुजी. इथे मराठी कुणाला कळतंय?"

"ऐकू येईल तेवढंच सांगीन," गुरुजी म्हणाले होते. "पदरचं एक अक्षर घालणार नाही."

हे बोलताना त्यांना काही वाटलं नाही. रोज स्नानाला जाताना ते जळकं दुकान दिसायचं, तेव्हाही वाटत नव्हतं. दुकान जळाल्यापासून ते असेच होते, मुंग्या येऊन बधिर झालेल्या पायासारखे. शिष्य अडकल्याचं मनाला लागलंय, असं लोक म्हणत.

क्लिप वाजली. गुरुजींनी डोळे मिटले, पाठशाळेत मिटतात तसे. तिथे त्यांचा एकच कडक नियम होता. पाठ मधे तोडायचा नाही, तोडला तर पुन्हा पहिल्यापासून. या नियमापायी विश्वजीतने लहानपणी पुष्कळ मार खाल्ला होता.

क्लिप संपली. शिपाई टाइप करायला सरसावला आणि गुरुजी डोळे न उघडता संथ हिंदीत सांगू लागले. हे घाट आपल्या पूर्वजांनी बांधले. मशिदीजवळच्या दुकानदारांकडून आपण काही विकत घेऊ नये, असं माझं मत आहे. एवढ्यानेही ते हलले नाहीत, तर त्यांची दुकानं पेटवा. गंगामाईचा जयजयकार असो.

"गुरुजी, हे काय सांगताय?" शरदिनी दारातूनच म्हणाली.

शिपायाचं टाइप करणं थांबलं. दारोगाने क्लिप मागे नेऊन पुन्हा लावली. माझं मत आहे, एवढं ऐकू आलं, मग आरतीची मोठी घंटा, बराच वेळ, आणि मग जयजयकार. त्याने पुन्हा लावली. पुन्हा घंटाच.

"पंडितजी, यहाँ तो सिर्फ घंटी है."

गुरुजींनी डोळे उघडले. विश्वजीत त्यांच्याकडेच बघत होता.

"मी तुमचं नाव घेतलं नव्हतं, गुरुजी."