ताऱ्याची आवराआवर

स्फोट होऊन वर्ष उलटलं, तरी तारा विझायचं नाव घेईना. वेधशाळेतली शास्त्रज्ञ चक्रावली आणि तिनं जुनी छायाचित्रं पुन्हा उघडली. फुटण्याआधी तारा अधूनमधून किंचित उजळला होता. कॅमेऱ्याचा दोष समजून तिनंच दरवेळी तिकडे काणाडोळा केला होता. “गडी आधीपासूनच अंगावरचे वायूचे थर उतरवून फेकत होता! स्फोटाचा लोट त्यांच्यावर आदळतोय, म्हणून एवढा उजेड!” भेटायला आलेल्या वडिलांना ती हरखून म्हणाली. त्यांनी पिशवीतून आपली लाडकी दुर्बीण काढून टेबलावर ठेवली. “ही राहू दे तुझ्याकडे. घरी नुसती धूळ खातेय.” मागच्या महिन्यात बुद्धिबळाचा पट दिला होता, त्याआधी अवजारांची पेटी. म्हातारपणाची आवराआवर म्हणून तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. दुर्बिणीकडे गेलेला तिचा हात थांबला. “बाबा, डॉक्टर काय म्हणाले?” वडील दचकले. “तुला कुणी सांगितलं?”