बारा किलोमीटर

"काका, गावातल्या गावात फिरवायला डॉट थ्री पुष्कळ झालं," ब्रेक ऑइलची बाटली उचलत दस्तगीर मेकॅनिक म्हणाला. "डॉट फोर कशाला?"

"घाटात तापून उकळलं तर?" सबनीस म्हणाले. गाडी त्यांच्या मुलीची. घाट उतरताना ते शेजारी बसून 'हळू, हळू' करायचे आणि ती हसत आणखी दामटायची. सहा वर्षांपूर्वी ती कॅनडाला गेली. उभ्या गाडीतलं ऑइलही दमट हवेनं खराब होतं, म्हणून सबनीस दर दोन वर्षांनी न चुकता नवं भरून घ्यायचे.

दस्तगीरनं बॉनेट उघडलं. आत त्यानंच मागच्या खेपेला चिकटवलेली चिठ्ठी होती, तारीख आणि किलोमीटर लिहिलेली. त्यानं खिडकीतून वाकून मीटर पाहिलं. दोन वर्षांत गाडी बारा किलोमीटर चालली होती. इथून घरापर्यंत सहा, घरापासून इथपर्यंत सहा.

सबनीस रुमालानं काच पुसू लागले.

दस्तगीरनं हातातली बाटली ठेवली आणि डॉट फोरची काढली.

"ब्रेकच्या पाइपातली हवा नीट काढ रे," सबनीस म्हणाले. "घाटात ती माझं मुळीच ऐकत नाही."