अठराच्या अठरा

मोहोपाड्यातल्या आपल्या पाळणाघराला अठरा मुलांचा परवाना मिळावा म्हणून हर्षलाने महिनाभर पोरांची तालीम घेतली होती. तपासणीच्या दिवशी धोक्याचा भोंगा वाजला आणि पोरं एकच दोरी धरून तुरुतुरु अंगणात आली. तिने हजेरीपटावरचं एकेक नाव घेतलं, एकेक डोकं मोजलं.

"अठराच्या अठरा बाहेर, मॅडम!"

तपासणीच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. "दीड मिनिट? शाब्बास!" त्या सही करायला वाकल्या, तोच आतून तान्ह्या बाळाचं रडू ऐकू आलं.

"तरी म्हनत व्हते गं, तिचं बी नाव पटावर घाल!" असं म्हणत मदतनीस गौराबाई आत धावली.

बाईंनी हर्षलाच्या हातातला पट वरपासून खालपर्यंत वाचला. "नाव नाही म्हणजे? कुणाचं मूल आहे ते?"

एक जागा वाया जाईल, म्हणून हर्षलाने ते नाव घातलं नव्हतं. तिने पट छातीशी घट्ट धरला, पण तोवर ब्लाउज दुधाने भिजला होता.